रूथ-एलनची साक्ष

हॉलच्या पायरीवर कोणीतरी बसलं होतं.

मी किल्ली शोधत, फिडलची पेटी कोटाखाली सांभाळत, बारीक पावसातून पळत आले आणि त्याच्या अंगावर पडता पडता वाचले. उंच, हडकुळा, मांडीवर गिटारची पेटी. टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं, म्हणजे बराच वेळ बसला असणार.

"कार्यक्रम सातला आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग आत्ता इथं काय करताय?"

"वाट बघतोय."

"कुणाची?"

"किल्ली असलेल्या बाईंची." त्यानं टोपी काढली आणि उभा राहिला. "आल्या वाटतं."

डोळे हसरे होते. मला हसऱ्या डोळ्यांचा राग होता. असेच हसरे डोळे घेऊन डेल्मर नावाचा एक गाणारा दोन वर्षं दर शनिवारी माझ्याकडे बघत जन्मभराच्या निष्ठेची गाणी म्हणत होता. मी फिडलवर साथ करत होते आणि लग्नाच्या पोशाखाचं माप देत होते. पलीकडच्या खोऱ्यात त्याची दुसरी एक होती आणि तिचाही पोशाख शिवून तयार होता, हे मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. तेव्हापासून मी गाणाऱ्यांच्या बाबतीत एकच नियम पाळत होते: साथ करायची, विश्वास ठेवायचा नाही.

त्यात हा वेळेच्या आधी येणारा. आमच्या केंटकीच्या डोंगरात वाजवणारा माणूस वेळेवर आला तरी लोक विचारतात, घरी भांडण झालं का? हा तर दीड-दोन तास आधी येऊन भिजत बसला होता. काहीतरी काळंबेरं असणार, असं मी तिथंच मनात ठरवलं.

त्याचं नाव थेरन मॅगार्ड. गावातल्या पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलायला नुकताच लागला होता. नेमका त्या दिवशी आमचा म्हातारा गाणारा घसा बसून घरी पडला, आणि हॉलच्या मालकानं थेरनला विचारलं, "शेवटचं गाणं म्हणशील?"

शेवटचं गाणं म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. संध्याकाळभर दारूची, दगाबाजीची, दुसऱ्याच्या बायकोची गाणी वाजतात, लोक नाचून घामाघूम होतात. शेवटचं गाणं मात्र देवाचं. टोप्या उतरतात, पेले खाली ठेवले जातात, आणि जो सगळ्यांत जास्त प्यालेला असतो तोच सगळ्यांत जास्त रडतो.

थेरन माइकपुढे गेला. गिटारवर दोनच सूर लावले आणि सुरू झाला. न्यायाचा दिवस. तुतारी वाजली, कबरी उघडल्या, पुण्यवान मेंढरं उजवीकडे आणि पापी शेरडं डावीकडे. असली गाणी मी शेकड्यांनी वाजवली आहेत. पण मग गाण्यातल्या माणसाचं नाव पुकारलं जातं, तो सिंहासनापुढे येतो, आणि त्याच्याविरुद्ध साक्षीदार बोलावला जातो.

*जिथं थांब म्हटलं मी, तिथंच ती थांबली,*
*पाणी चढत गेलं आणि वाट माझी लांबली.*
*आता सिंहासनापुढे माझं नाव पुकारलं,*
*साक्षीला तू, देवा, रूथ-एलनला बोलावलं...*

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. गाणं तिथंच संपलं. साक्षीदार येते आणि गाणं थांबतं. लोक टाळ्या वाजवायचे विसरले.

तिकिटाच्या टेबलामागे माझी ओमा मावशी बसली होती. आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलं. घरी जाताना गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "या माणसानं बाई बुडवलीय."

"मावशी!"

"मावशी काय? न भोगता असं गाता येतं का कुणाला? तूच सांग, तू वाजवतेस."

मलाही तेच वाटत होतं. आमच्याकडे गाणं म्हणजे कबुली. जे अंगावरून गेलं नाही ते गाऊ नये, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि त्याच कानांनी गाणं ऐकतो. तुरुंगाचं गाणं म्हणणारा तुरुंगात गेलेला असला पाहिजे. न्यायासनापुढे थरथरणारा... त्यानं काहीतरी केलेलं असलंच पाहिजे.

*

थेरन आमच्याबरोबर दर शनिवारी वाजवू लागला. आणि मी त्याच्यावर नजर ठेवू लागले. म्हणजे संशयापोटीच नजर ठेवत होते, असं मी स्वतःला सांगत होते.

संशयाला खाद्य भरपूर मिळालं. पाऊस सुरू झाला की तो बोलता बोलता गप्प व्हायचा, दारापर्यंत जायचा, ओढ्याकडे बघून यायचा. दुकानासमोर कुणी कुत्रं बांधून आत गेलं, की मालक बाहेर येईपर्यंत कुत्रं मोकळं आणि थेरन त्याच्याशेजारी बसलेला. एकदा त्यानं ओमा मावशीची शेळी सोडली. मावशीनं ती कुंपणाला बांधून ठेवली होती, आभाळ भरून आलं होतं, आणि हा पोतं टाकायला आला होता. शेळीनं मावशीचे सगळे झेंडू फस्त केले.

मावशी फुलांचे देठ हातात घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. "तू सोडलीस?"

"हो, बाई."

"का?"

"पाऊस येणार होता."

"शेळी आहे ती, साखर नाही विरघळायला!"

"चूक झाली, बाई. झेंडू मी आणून लावतो."

आणि दुसऱ्या दिवशी, सूर्य पुरता वर यायच्या आधी, तो रोपं घेऊन अंगणात हजर. मी केस न विंचरता दार उघडलं.

"इतक्या सकाळी?" मी म्हणाले. "तुम्हाला झोप येत नाही का?"

"येते की. पण मग स्वप्नात एक फिडलवाली येते आणि संशयानं बघत बसते." तो गुडघ्यावर बसून माती उकरू लागला. "मग उठावंच लागतं."

"मी संशयानं बघत नाही."

"मग कशानं बघता?"

माझे कान तापले. मी आत गेले आणि उगाचच कपाटाचं दार आपटलं. खिडकीतून बघितलं तर तो रोपाभोवतीची माती तळव्यानं हळूच दाबत होता. बाई बुडवणाऱ्या माणसाचे हात असे असतात का? आणि नसतात, हे तरी कुणी सांगावं? डेल्मरचेही हात छानच होते.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आठवत नाही. बहुधा फिडलची तार तुटून माझ्या गालाला लागली त्या शनिवारी. त्यानं आपला रुमाल माझ्या गालावर धरला, आणि आम्ही दोघं गरजेपेक्षा जास्त वेळ तसेच उभे राहिलो.

"नेव्हा," तो म्हणाला, "त्या गाण्याचं शेवटचं कडवं मला येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"साक्षीदार येते. देव तिला विचारतो, या माणसाला ओळखतेस का. पुढे ती काय म्हणते ते मला सापडत नाही. किती वर्षं झाली... ते बाईच्या आवाजातच यायला हवं. होमकमिंगच्या रविवारी मला चर्चमध्ये म्हणायला सांगितलंय. तू म्हणशील तिचं कडवं? तूच कर. मला आधी सांगूही नकोस."

मी त्याचा हात गालावरून बाजूला केला. "रूथ-एलन कोण?"

त्यानं रुमालाची घडी घातली.

"सोपा प्रश्न आहे, थेरन. बायको? कुणाची बायको? कोण?"

"सांगितलं तर तू हसशील."

"हसेन? बुडालेल्या बाईवर मी हसेन?"

"तू हसलीस, तर..." त्यानं टोपी हातात फिरवली. "तर मला ते गाणं पुन्हा म्हणता यायचं नाही. दुसरं कुणी हसलं तर चालेल."

डेल्मरही असाच बोलायचा. नाजूक, अर्धवट, बाईनं पुढे काही विचारू नये अशा बेतानं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मग चर्चमध्येच सांग," मी म्हणाले. "गाण्याच्या आधी साक्ष द्यायची पद्धतच आहे. उभा राहा आणि सगळ्यांसमोर सांग, ती कोण होती आणि तू तिचं काय केलंस. मग बघते मी, काय गायचं ते."

त्याच्या डोळ्यांतलं हसू गेलं. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि पावसाचा अंदाज घ्यायला दाराकडे गेला.

*

होमकमिंगच्या रविवारी कामाधंद्यासाठी शहरांत पांगलेली सगळी माणसं परत येतात. चर्चच्या मागच्या झाडाखाली लांबलचक टेबलं मांडतात. तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याची भाकरी, केळ्याचं पुडिंग. ओमा मावशीनं तीन भांडी पुडिंग केलं होतं आणि एका भांड्याभोवती हात धरून बसली होती, कुणासाठी ते सांगत नव्हती.

मी कडवं तयार केलं होतं. चार शब्दांचं. देव विचारणार, या माणसाला ओळखतेस का? आणि मी म्हणणार, *ओळखत नाही मी याला.* मग गज खाली ठेवायचा आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर. डेल्मरच्या वेळी मला तोंड उघडता आलं नव्हतं. या वेळी सगळ्या गावासमोर उघडणार होते. तेवढ्यासाठी मी रात्रभर जागी होते, आणि थोडं रडलेही होते, ते वेगळं.

पाळक एल्झींनी नाव पुकारलं. थेरन उठला. अर्थातच तो सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या बाकावर बसला होता. लोक पुढे झुकले. मागच्या बाकावरचे तर चक्क उभे राहिले.

"रूथ-एलन," थेरन म्हणाला आणि घसा साफ केला. "रूथ-एलन हे आमच्या आजोबांचं खेचर होतं."

कुठंतरी दाबलेल्या हसण्याचा एक आवाज फुटला. मग दुसरा. ओमा मावशीनं तोंडावर रुमाल दाबला, पण खांदे हलत होते. मग सगळं चर्च खो खो हसायला लागलं. इतके दिवस बायाबापड्या ज्या बाईसाठी डोळे पुसत होत्या ती चार पायांची निघाली!

थेरन माझ्याकडे बघत होता. फक्त माझ्याकडे.

मला हसू आलं नाही. मला कुत्रं आठवलं, शेळी आठवली, दारापर्यंत जाऊन ओढ्याकडे बघणारा तो आठवला.

"आजोबा तिला कधी खेचर म्हणत नसत," हसू ओसरल्यावर तो पुढे बोलू लागला. "'ती' म्हणत. नांगराला तीच, तंबाखूची गाडी ओढायला तीच. मला लहानपणी तिच्याच पाठीवर झोपवत. एकदा मला सांगितलं, खालच्या शेतातून तिला घेऊन ये. मी तिला घेऊन निघालो, पण वरच्या दुकानापाशी एक बँड वाजवत होता. ट्रकच्या फळीवर उभे राहून. मी तिला ओढ्याकाठच्या झाडाला बांधलं आणि म्हटलं, इथंच थांब, आलोच मी. मग एक गाणं ऐकलं. मग अजून एक. निघत होतो तेवढ्यात ते म्हणाले, आता शेवटचं, देवाचं. आणि देवाचं गाणं अर्धं टाकून कसं निघायचं? न्यायाच्या दिवसाचं गाणं होतं. फार सुंदर म्हटलं त्यांनी."

आता कुणीच हसत नव्हतं.

"वर डोंगरात पाऊस झाला होता, ते आम्हाला खाली कळलंच नाही. मी पळत गेलो. झाड होतं. दावं होतं. मी गाठ चांगली मारली होती." तो थांबला. "संध्याकाळी जेवायला बसलो. आजोबांनी माझ्या ताटात घेवडा वाढला, भाकरी मोडून दिली आणि म्हणाले, जेव. एवढंच. शेवटपर्यंत एका शब्दानं काही बोलले नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी रोज वाट बघायचो, आज विचारतील. ते गेले तरी विचारलं नाही. मग मी गाणं केलं. म्हटलं, तिथं तरी कुणी विचारेल."

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं, ज्यानं आयुष्यभर खेचरं हाकली होती, हात छातीवर ठेवला आणि मान खाली घातली.

ओमा मावशीनं नाक शिंकरलं. "मेल्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे आधी सांगायचं ना! मी तुला काय काय म्हटलं!"

"ऐकलं मी थोडंसं, बाई," थेरन म्हणाला.

आणि त्यानं गिटार उचलली.

मी फिडल हनुवटीखाली धरली. गाणं सुरू झालं. तुतारी वाजली, मेंढरं उजवीकडे गेली, शेरडं डावीकडे. आणि मी? इतके दिवस मी कुठं बसले होते? थेट सिंहासनावर. त्याचं पूर्वायुष्य, त्याचे हात, त्याचं लवकर येणं, सगळं ऐकून न घेताच मी निकाल लिहून टाकला होता. एका माणसानं गाण्यात संत बनून मला फसवलं, म्हणून दुसरा गाण्यात पापी झाला तेव्हा तो पापीच, हे मी धरून चालले. दोन्ही वेळा मी गाणं ऐकलं, माणूस बघितलाच नाही.

*साक्षीला तू, देवा, रूथ-एलनला बोलावलं...*

माझी पाळी आली. तयार केलेलं कडवं आता मेलं तरी गाता येणार नव्हतं, आणि दुसरं माझ्याजवळ नव्हतं. मी फिडलवर मधली धून वाजवली. संपली. पुन्हा वाजवली. थेरननं भुवया उंचावल्या. पाळक एल्झी खुर्चीत चुळबुळले. मी तिसऱ्यांदा वाजवली, आणि त्या वेळी मला हॉलची पायरी दिसली, टोपीवरून ठिबकणारं पाणी दिसलं, अंगणात सूर्याच्या आधी आलेले झेंडू दिसले. मी गज खाली घेतला आणि नुसत्या गळ्यानं गायले—

*ओळखते मी याला, देवा, उशीर एकदाच झाला,*
*त्यानंतर हा प्रत्येक दारी सगळ्यांआधी आला.*

थेरनचा हात तारांवर पडला तो तसाच राहिला. गाण्याचा शेवटचा सूर त्यानं वाजवलाच नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

बाहेर जेवणावळ सुरू झाली. लोकांनी त्याला घेरलं, पाठीवर थापा मारल्या, स्वतःच्या मेलेल्या घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या गोष्टी सांगितल्या. ओमा मावशीनं ते राखून ठेवलेलं पुडिंगचं भांडं त्याच्यापुढे आदळलं. "संपव," ती म्हणाली. मला त्याच्याजवळ पोचताच आलं नाही. आणि खरं सांगायचं तर, मला तोंड दाखवायचीही लाज वाटत होती.

*

पुढच्या शनिवारी मी दुपारीच घरातून निघाले.

"आत्ता कुठं?" मावशीनं विचारलं. "कार्यक्रम सातला ना?"

"माहीत आहे," मी म्हणाले.

हॉल बंद होता. किल्ली माझ्या खिशात होती, पण मी दार उघडलं नाही. पायरीवर बसले. आभाळ भरलं होतं. मग थेंब पडायला लागले, बारीक, गार, केसांतून मानेवर उतरणारे. फिडलची पेटी कोटाखाली घेतली आणि रस्त्याकडे बघत राहिले. वाट बघणं किती अवघड असतं, हे मला त्या दिवशी कळलं. दर गाडीला जीव वर-खाली होत होता.

तो वळणावरून चालत आला, गिटार पाठीला, मान खाली. फाटकापाशी येऊन त्यानं वर बघितलं आणि जागच्या जागी थबकला. त्याचा चेहरा क्षणभर पांढराफटक पडला.

"मला... उशीर झाला?"

"नाही," मी म्हणाले. "कार्यक्रमाला खूप वेळ आहे."

"मग तू भिजत का बसलीस? किल्ली आहे ना तुझ्याजवळ?"

"आहे."

"मग आत जायचं की, नेव्हा! कधीची बसली आहेस?" तो कोट काढून माझ्या खांद्यावर टाकायला धावला. मी त्याची बोटं धरली.

"थेरन, मी तुला खुनी समजले होते."

"ठाऊक आहे."

"आणि तरी तू दर शनिवारी येत होतास?"

"तू खुनी समजूनसुद्धा साथ करत होतीस की. एकदाही सूर सोडला नाहीस." तो हसला, मग हसू थांबवून माझ्याकडे बघत राहिला. पाऊस त्याच्या पापण्यांवर होता. "खरंच, का बसलीस पावसात?"

मी त्याच्या ओल्या हातावर गाल टेकला, तिथंच, जिथं तार लागली होती.

"तुझ्यासाठी थांबले होते," मी म्हणाले. "कुणी बांधलं नव्हतं मला."